मौन आणि संमती

गोमंतकातील देवालयांत कौल लावण्याची जी रीत आहे ती आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवितात, यजमानाचे गाऱ्हाणे देवाच्या कानी घालतात आणि मग सारे जण त्या पाकळ्यांकडे डोळे लावून उभे राहतात. उजवी पडली तर अनुज्ञा मिळाली, डावी पडली तर मिळाली नाही. आणि एकही पडली नाही तर? तर वाट पाहावयाची. 'देव काही बोलत नाही, तेव्हा त्याची ना नाही असेच समजू या' असे म्हणून कोणी यजमान उठून घराचा पाया खणावयास घेत नाही. देवाच्या मौनाचा अर्थ परस्पर होकार असा करण्याचे धाडस आपल्यापैकी कोणाच्याही अंगी नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र हे धाडस आपण नित्य करीत असतो. मौन ही संमती, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघातच आहे. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमात ती खाली मान घालून बसली की तिला स्थळ पसंत आहे असे ठरते. कारण लाजणे हे होकाराचे लक्षण. ती रडली तर माहेर सुटणार म्हणून रडली. हसली तर प्रश्नच मिटला. म्हणजे तिने काहीही केले तरी उत्तर एकच. ते प्रश्न विचारणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले असते. पुढे विवाहानंतरच्या एकांतातही हाच न्याय चालू राहतो आणि तेथे तर साक्षीला कोणीच नसते. स्त्रीपुरुषांच्या शरीरसंबंधात संमतीचे स्थान काय, ह्या विषयावर देवस्थानाशी निगडित अशा वाचकवर्गापुढे लिहिणे थोडे अवघड आहे हे आम्ही जाणतो. परंतु र. धों. कर्वे ह्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले ते १९२७ साली. त्या गोष्टीला आता शतक होत आले. एवढ्या अवधीत हा विषय सभ्य माणसांनी बोलण्याजोगा झाला नसेल तर तो कधीच होणार नाही.

आमच्या वकिलीच्या धंद्यात मौनाला किंमत आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. शेजाऱ्याने तुमच्या जागेत भिंत घातली, तुम्ही ती रोज ओसरीवर बसून पाहिलीत, चकार शब्द काढला नाहीत आणि भिंत पुरी झाल्यावर दाव्याचे कागद घेऊन आलात, तर न्यायाधीश तुम्हांला विचारील की इतके दिवस आपण काय करीत होता? सन १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात तर असे आहे की, दिलेल्या परवानगीवर भिस्त ठेवून समोरच्याने पैसा खर्चून कायमचे बांधकाम केले असेल, तर ती परवानगी मागाहून काढून घेता येत नाही. हा नियम रास्त आहे. जमीन मालकाहून वेगळी वस्तू आहे. ती दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मालक बाजूला होऊ शकतो.

शरीराचे तसे नाही. 'माझे घर' आणि 'माझे शरीर' ह्या दोन्ही ठिकाणी व्याकरण एकच षष्ठी लावते, आणि ह्या षष्ठीनेच मोठा घोटाळा करून ठेवला आहे. घर भाड्याने देऊन मालक दुसऱ्या गावी राहावयास जातो; शरीर दुसऱ्याच्या स्वाधीन करून कोणालाही क्षणभर अंगणात जाऊन उभे राहता येत नाही. त्या शरीराला जे होते ते त्यातील माणसालाच होत असते. म्हणून जमिनीच्या कायद्यातील कोणताही दृष्टांत येथे फार दूरवर चालत नाही. काल दिलेली परवानगी आज लागू आहे, आरंभी दिलेली शेवटपर्यंत बंधनकारक आहे, समोरच्याची तयारी व खर्च झाला आहे म्हणून आता माघार नाही, हे सारे युक्तिवाद भिंतीला शोभणारे आहेत.

येथे कोणी वेदांती वाचक आम्हांला थांबवून म्हणेल की देह हे तर केवळ वस्त्र. आत्म्याला कोण शिवणार? उत्तर सोपे आहे. ते तत्त्वज्ञान ज्याने त्याने आपल्या स्वतःच्या मरणाचे भय घालविण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र न विचारता ओढण्यास त्याने आधार मिळत नाही. ज्या महाभारताच्या पोटात गीता आहे त्याच महाभारतात वस्त्र ओढण्याचा प्रसंगही आहे. तेथे द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न शुद्ध कायद्याचा होता: जो आधी स्वतःला हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मासारख्या पितामहाला त्याचे सरळ उत्तर देता आले नाही, विकर्णासारख्या पोराने ते दिले, आणि बाकीची सभा मौन राहिली. मौनाचा अर्थ संमती असा होतो असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी तो अर्थ त्या सभेतील वडीलधाऱ्यांना खुशाल लावावा. तेथे तो बरोबर बसतो. बोलण्याची ज्याला मुभा आहे, सामर्थ्य आहे आणि कर्तव्यही आहे, त्याच्या मौनाला संमती म्हणता येते. ज्याला ह्यांपैकी एकही नाही त्याच्या मौनाला तेच नाव देणे ही सरळ लबाडी होय.

ही लबाडी ओळखण्यास आपल्या न्यायसंस्थेलाही वेळ लागला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. (तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, ते येथे लिहिण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही.) सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असहायपणे वश होणे वेगळे आणि संमती वेगळी असा भेद करून शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर इजेच्या खुणा नव्हत्या ह्या गोष्टीला त्या निकालात मोठे वजन मिळाले. रात्रीच्या वेळी पोलिस ठाण्यात सापडलेल्या पोरीने शिपायाशी झटापट केल्याचे ओरखडे दाखवावेत, अशी ती अपेक्षा. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर चर्चा झाली, १९८३ साली कायदा बदलला आणि पुन्हा २०१३ साली बदलला. त्या दुसऱ्या दुरुस्तीने कायद्यात संमतीची व्याख्या आली: ती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी, शब्दांनी असो वा खुणेने, त्या विशिष्ट कृतीस तयारी असल्याचे तिने दर्शविलेले हवे, आणि केवळ शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. आता हाच मजकूर २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात आहे. देसाईगंजपासून ह्या एका वाक्यापर्यंत येण्यास एकेचाळीस वर्षे लागली.

परंतु ह्याच कलमाच्या शेवटी एक अपवाद आहे. स्त्री त्या पुरुषाची पत्नी असेल आणि अठरा वर्षांखालची नसेल, तर वर सांगितलेले काहीही लागू नाही. आमच्या लेखाचा खरा विषय येथून सुरू होतो.

हा अपवाद आपल्या धर्माचा, आपल्या कुटुंबसंस्थेचा प्राण आहे असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. त्याचा उगम शोधीत गेले तर आपण काशीला किंवा पैठणला पोहोचत नाही, लंडनला पोहोचतो. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश सर मॅथ्यू हेल ह्यांच्या ग्रंथात, जो त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये छापला गेला, असे मत आहे की विवाहाच्या कराराने पत्नीने स्वतःला पतीच्या हवाली केलेले असते आणि ते तिला मागे घेता येत नाही. तेवढ्या मताच्या बळावर हा नियम इंग्लंडात चालला आणि साम्राज्याबरोबर १८६० च्या दंडसंहितेत येऊन बसला. इंग्लंडच्या लॉर्डांच्या न्यायसभेने तो १९९१ साली मोडीत काढला. आमच्याकडे तो संस्कृतीच्या नावाने जपला जातो आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली तो काढून टाकण्याची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे २०२२ च्या मे महिन्यात ह्यावर परस्परविरुद्ध निकाल पडले. आणि केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयात ह्या अपवादाच्या बाजूने आपले म्हणणे मांडले.

ह्याच जातीची दुसरी परदेशी वस्तू म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा. बायको नांदावयास येत नाही म्हणून तिला आणविण्यासाठी न्यायालयात जाणे ही कल्पना इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतली. ती आपल्याकडे रुजली आणि तिने एका मराठी मुलीला जवळजवळ तुरुंगाच्या दारापर्यंत नेले. रखमाबाईंची ही हकीकत पुष्कळांनी ऐकलेली असते, पण तिच्यातील कायद्याचा मुद्दा नीट सांगितला जात नाही, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई ह्यांनी पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून देण्यात आले. त्या सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. त्यांचे एक म्हणणे असे की, हे दोघे कधी एकत्र नांदलेलेच नाहीत, तेव्हा 'पुनःस्थापना' कशाची? आणि दुसरे असे की, असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच; तो इंग्रजी कायद्यातून आलेला आहे. अपिलात हा निकाल टिकला नाही. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा. रखमाबाईंनी कैदेत जाण्याची तयारी दाखविली. स्वतः इंग्लंडने ह्या कारणासाठी कैदेची शिक्षा त्याआधी तीनच वर्षे, १८८४ साली, बंद केली होती. आणि आपल्याकडे ह्या परक्या उपायाच्या बचावासाठी धर्माभिमानी मंडळी पुढे सरसावली. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाची लेखणीही दादाजीच्या बाजूने चालली. धर्मशास्त्रात हा उपाय नाही असे सांगणारा न्यायाधीश गोरा, आणि तो धर्माचाच आहे असे म्हणणारे आपण, असा तो प्रसंग होता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

रखमाबाईंचे मुख्य म्हणणे साधे होते. ज्या वयात विवाह म्हणजे काय हे कळत नव्हते त्या वयात तो झाला. कळू लागल्यावर ज्या माणसाविषयी मनात जवळीक नाही त्याच्यासोबत राहण्यास मला भाग पाडू नये. ह्यात विवाहसंस्थेचा द्वेष होता असे आम्हांला वाटत नाही. पुढे त्या इंग्लंडला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्य वेचले, आणि १९०४ साली दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे परिधान केले. आजच्या पुष्कळ सुशिक्षितांना ही गोष्ट कोड्यात टाकते. आम्हांला तीत विसंगती दिसत नाही. ते लुगडे त्यांना नेसावयास कोणी भाग पाडले नव्हते.

मराठीत 'नांदणे' हा शब्द किती भरगच्च आहे पाहा. त्यात नुसते राहणे नाही. सुखाने, बरकतीने, मानाने राहणे आहे. लक्ष्मी घरात नांदते असे आपण म्हणतो; बेलिफ पाठवून लक्ष्मीला नांदविता येत नाही हे कोणालाही सांगावे लागत नाही. तरीही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे नववे कलम न्यायालयाला नेमके हेच करावयास सांगते. १९२३ च्या दुरुस्तीनंतर ह्या हुकूमनाम्यापायी कोणाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, मालमत्तेवर टाच तेवढी आणता येते. १९८३ साली हैदराबादेत आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चौधरी ह्यांनी सरीता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले: एखाद्या स्त्रीचे शरीर केव्हा व कोणाच्या निकट असावे हा निर्णय तिच्या हातून काढून शासनाच्या हाती देणे त्यांना माणुसकीला सोडून वाटले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उलट मत दिले. ह्या कलमामुळे मोडणारे संसार सावरण्यास अवधी मिळतो, असे त्याचे म्हणणे. कायदा म्हणून ते मत आम्हांला बंधनकारक आहे. विचार म्हणून चौधरींचे मत आम्हांला पटते. इंग्लंडने हा दावाच १९७० साली बंद केला. आमच्याकडे तो चालू आहे, आणि खरे सांगावयाचे तर हल्ली तो पोटगी टाळण्यासाठीच अधिक वेळा दाखल होतो. नांदविण्याची हौस त्यात क्वचितच असते.

मग आपली अशी परंपरा ह्या प्रश्नावर काय सांगते? येथे वकिलाने सावध असावयास हवे, कारण परंपरा हा असा साक्षीदार आहे की तो दोन्ही पक्षांच्या बाजूने बोलू शकतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, चौथ्या ब्राह्मणात, पत्नी राजी नसेल तर तिला आधी काही देऊन वळवावे आणि तरीही न वळल्यास काठीने वा हाताने मारून वश करावे, अशा अर्थाचे विधान आहे. ते तेथे नाही असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि त्यावर गुळमुळीत भाष्य करून ते गोड करण्यातही नाही. उपनिषदांवर आमची श्रद्धा आहे म्हणूनच हे स्पष्ट लिहितो: ते विधान अधर्माचे आहे.

दुसऱ्या बाजूस गृह्यसूत्रे आहेत. विवाहानंतर निदान तीन रात्री वधूवरांनी ब्रह्मचर्याने राहावे, जमिनीवर निजावे, खारट खाऊ नये. मग चौथ्या रात्री चतुर्थीकर्म. हा केवळ कर्मकांडाचा भाग समजून आपण तो सोडून दिला. वात्स्यायनाने मात्र त्यातील मर्म ओळखले. कामसूत्र म्हटले की सभ्य माणसे पुस्तकावर वर्तमानपत्र पांघरतात. पण त्याच्या तिसऱ्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायाचा विषय 'कन्याविस्रंभण' असा आहे. विस्रंभ म्हणजे विश्वास, भीड गेल्यानंतरचा निर्धास्तपणा. त्या तीन रात्रींत आणि त्यानंतरही नवऱ्या मुलाने बळ वापरू नये, बोलून, थांबून, तिचा कल पाहून तिचा विश्वास मिळवावा. ज्याने विश्वास मिळविण्याआधी जबरदस्ती केली त्याच्याविषयी, आणि पुढे त्या संबंधाविषयीच, तिच्या मनात कायमची घृणा बसते, असे तो सांगतो. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे मानसशास्त्र आहे.

'संमती' आणि 'विस्रंभ' ह्या दोन शब्दांमधले अंतर आम्हांला महत्त्वाचे वाटते. संमती हा कायद्याचा शब्द. कायदा विचारतो, होकार होता की नव्हता? त्याला तेवढेच विचारता येते. त्याच्यापुढे शिक्षेचा प्रश्न असतो आणि शिक्षेला स्पष्ट रेषा लागते. पण होकार दिला गेला म्हणजे सारे झाले असे नीतीला म्हणता येत नाही. भांडण नको म्हणून, उद्या घरखर्चाला पैसे मिळणार नाहीत म्हणून, सासूबाई भिंतीपलीकडे जाग्या आहेत म्हणून, दिलेला होकार कोणत्याही न्यायालयात होकारच ठरेल. विस्रंभ जेथे आहे तेथे नकार देण्याची भीती नसते. आमच्या मते कसोटी हीच: त्या घरात 'आज नको' हे दोन शब्द उच्चारल्यावर काय घडते? काहीच घडत नसेल, दिवा मालवून दोघे स्वस्थ झोपत असतील, तर तेथल्या होकारालाही अर्थ आहे.

नकार अशक्य असेल तेथे होकार निरर्थक असतो, हे तत्त्व आपल्या कायद्याने एका ठिकाणी फार पूर्वी मान्य केले, आणि ते ठिकाण आम्हां देवळाच्या लोकांना दुखरे आहे. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुलगी देवाला वाहण्याचा विधी बेकायदा ठरविला तो 'तिची संमती असो वा नसो' अशा शब्दांनी. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होते. सौंदत्तीचा डोंगर त्याच जिल्ह्यातला. १९८२ च्या कर्नाटकाच्या कायद्यातही हीच शब्दरचना आहे. तिची संमती असो वा नसो! वरवर पाहता हे वाक्य संमतीचा अनादर करणारे वाटेल. वस्तुतः त्यात मोठा आदर आहे. जटा आली म्हणून, नवस होता म्हणून, घरात खावयास नाही म्हणून जी पोर मान डोलावते तिच्या मान डोलावण्यामागे लपून स्वतःचे हात झटकणाऱ्यांना कायद्याने ती आड मिळू दिली नाही. गोव्यातही देवळांच्या आवारालगत कलावंतांची व भाविणींची घरे होती. त्या घरांनी महाराष्ट्राला आणि गोव्याला जे गाणे दिले त्याचा आपण अभिमान बाळगतो, ते योग्यच आहे. त्या घरांत जन्मलेल्या मुलींना काही विचारले गेले होते काय, ह्या प्रश्नापाशी मात्र आपल्या स्मरणिका मुक्या होतात.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की, नवराबायकोच्या खोलीत कायदा शिरला तर संसार राहणार नाही. प्रत्येक स्पर्शाआधी काय स्टँपपेपर करावयाचा? ह्यातील विनोद बाजूला ठेवू. वीस वर्षे एकत्र काढलेल्या जोडप्याला शब्दांची गरज नसते. कूस वळविण्याची तऱ्हा, श्वासाची गती, पांघरूण ओढून घेण्याची रीत, ह्या साऱ्यांतून होकारनकार कळतात. म्हणूनच तर 'मला कळलेच नाही' ही सबब नवऱ्याच्या तोंडी अनोळखी माणसापेक्षा कमी शोभते. दुसरा आक्षेप खोट्या फिर्यादींचा. तो आम्ही क्षुल्लक मानीत नाही. कोर्टात खोटे बोलले जाते हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? परंतु खोटे दस्तऐवज होतात म्हणून खरेदीखताचा कायदा कोणी रद्द करा म्हणत नाही. सिद्ध करण्याची अडचण ही पुराव्याची अडचण आहे. ज्या गोष्टीचा पुरावा कठीण ती गोष्ट अपराध नव्हे, असा त्यातून निष्कर्ष निघत नाही. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने लैंगिक छळाची दाद पत्नीला दिवाणी स्वरूपात दिलेलीच आहे. म्हणजे कायदा खोलीत शिरून बरीच वर्षे झाली. फौजदारी दंडुका तेवढा उंबऱ्याबाहेर उभा आहे. तो आत यावा असे आमचे मत आहे. शिक्षेचे प्रमाण आणि फिर्यादीची पद्धत ह्यांबाबत वेगळा विचार व्हावा, हे म्हणणे आम्हांला मान्य होण्याजोगे आहे. अपवाद तसाच राहावा हे नाही.

गोव्यातील विवाहनोंदणीची रीत ह्या संदर्भात आठवते. तेथे वधूवरांना निबंधकापुढे आधी इरादा नोंदवावा लागतो, आक्षेपांसाठी काही दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि मग पुन्हा येऊन कायम करावे लागते. एकाच होकाराची दोनदा विचारणा करणारा हा कायदा आम्हांला आवडतो, जरी प्रत्यक्षात दुसऱ्या सहीच्या वेळीही मुलीच्या मागे तिचे काका उभे असतात. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे विवाह पूर्ण होण्याचा क्षण म्हणून सातवे पाऊल निवडले आहे. कन्यादान हे त्यात आवश्यक नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्टही केले. दानात देणारा व घेणारा असे दोघेच कर्ते असतात. सातवे पाऊल सख्याचे मानले आहे, आणि ते तिचे तिने टाकावयाचे असते.

हे सारे लग्नाच्या वयात अचानक उमजत नाही. तीन वर्षांच्या मुलीला पाहुण्यांच्या मांडीवर बसावयाचे नसते. ती आईच्या पदरामागे जाते. आपण हसतो, तिला ओढून पुढे करतो, 'काकांना पापा दे' म्हणतो, आणि तिने तोंड फिरविले तर 'शहाणी मुलगी असं करते का' म्हणून दटावतो. पाहुणा बहुधा निर्मळ मनाचा असतो. पण त्या क्षणी ती पोर शिकते की आपल्या अंगाला कोणी हात लावावा हे मोठी माणसे ठरवितात आणि नको म्हणणे हा अवगुण आहे. पुढे जत्रेच्या, पालखीच्या गर्दीत कोणी नको तो स्पर्श केला तर ती घरी येऊन गप्प राहते ह्याचे आपल्याला नवल वाटते. मुलग्यांचेही असेच होते, आणि त्यांना तर तक्रार करावयास शब्दही मिळत नाहीत. २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्यान्वये कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक हल्ला ठरतो की नाही, असा प्रश्न नागपूर खंडपीठाच्या एका निकालामुळे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाने तो ठरतो असे सांगितले. ह्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, ह्याचे आम्हांला वाईट वाटले.

लग्नाच्या आदल्या रात्री मुलीला तिची आई किंवा मावशी एका बाजूला नेऊन काही सांगत असते. काय सांगते ते सर्वांना ठाऊक आहे: सांभाळून घे, चिडू नको, पहिले काही दिवस जड जातात. त्याच रात्री मुलाला त्याचे वडील, काका, मामा काय सांगतात ह्याची आम्ही पुष्कळांकडे चौकशी केली. कोणी काही सांगत नाही. वात्स्यायनाचा तो सबंध अध्याय नवऱ्या मुलाला उद्देशून लिहिलेला आहे.